गिरणी, उत्तमनगर

सकाळी आठला पट्टा चढवते,
दीडला उतरवते.
मधल्या वेळात अर्ध्या सिडकोच्या पिशव्या माझ्या हाताखालून जातात.
खैरनारांची निळी, एका कानाची,
पगार मॅडमची साडीच्या दुकानातली,
आत चिठ्ठी : ज्वारी, जरा जाडसर.
वीस वर्षांत एकाची पिशवी दुसऱ्याला दिली नाही.

माझीच तेवढी
कधी खाली आली, कळलं नाही.

म्हणजे, कळलं होतं.
बाजरीचा डबा वर ओतताना
मांड्यांमध्ये काहीतरी उतरायचं,
अंडं धरून चालावं तशी चालायचे.
सकाळी जागेवर, दिवेलागणीला पुन्हा बाहेर.
खोकलं की परकर ओला,
आणि पिठाच्या धुळीत खोकला काय, पाचवीला पुजलेला.
आम्ही बायका म्हणतो, अंग बाहेर येतंय.
एवढं म्हणून गप्प बसतो,
जसं काही शेजारणीचंच अंग.

कळवणची नणंद म्हणाली, काढून टाक,
दोन लेकरं झाली, आता तिचं काय काम?
तिची काढली बत्तिसाव्या वर्षी.
का, ते तिलाही कोणी सांगितलं नव्हतं.
मी तर रिकामी पिशवीसुद्धा फेकत नाही,
झटकून, घडी घालून खिळ्याला लावते.

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं.
म्हणाल्या, ऑपरेशन आहेच, पळून जात नाही.
आधी तीन महिने हे करून बघा.
एक मऊ कडी बसवली आत,
कुकरच्या झाकणातल्या रबरासारखी,
आणि पाठवलं नाझनीनकडे, खोली नंबर चौदा.

पोरगी माझ्या पुतणीएवढी.
"मावशी, लघवी मधेच अडवतो ना, तसं आत ओढा, वर.
पोट आवळायचं नाही. कुल्ले नाही. श्वास कोंडायचा नाही."
मी तिन्ही केलं.
ती हसली, मी हसले,
हसता हसता थोडं गळलंच,
मग दोघी आणखी हसलो.

म्हटलं, म्हणजे पट्टा ढिला झालाय.
"हो, तसंच."
ढिल्या पट्ट्यासाठी कोणी गिरणी मोडीत काढत नाही, मी म्हटलं.
"आणि तुटलाच तर?"
तर बदलू. तेही काही पाप नाही.

आता दळता दळता मोजते.
बाहेरून कोणाला दिसत नाही.
"गहू लोकवनच ना, काकू?"
सहा, सात, आठ. हो, लोकवन.
नऊ, दहा. सोडलं.

चाळलेलं पीठ घरात बंद, कोंड्यासकट भाकरी,
कुंथायचं नाही अशी सक्त ताकीद आहे.
भिंतीवर खडूनं लिहिलंय :
पाच किलोच्या वरचा डबा ज्याने त्याने उचलावा.
एकदोन गिऱ्हाइकं चौकातल्या गिरणीवर गेली.
जाऊ देत.

पूर्ण बरी झाले असं नाही.
शनिवारी दळण फार असलं की संध्याकाळी जाणवतंच,
मग गव्हाच्या पोत्यावर पाय टाकून पडते,
छताच्या पत्र्याकडे बघत.
तीन महिन्यांनी कडी धुवायला सिव्हिलला,
सिटीलिंकची खिडकी मिळाली तर बरं वाटतं.

काल आहिरेंची सून आली.
बाळंत होऊन सव्वा महिना, डोक्याला रुमाल,
कडेवर पंधरा किलोचा डबा.
धावत गेले, एक कान तिनं धरला, एक मी.
म्हटलं, श्वास सोड, मग उचल.
"का हो?"

गिरणी घरघरत होती.
ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती,
आणि न सांगण्यासारखीही.
मी हात लांब करून
बटण बंद केलं.